एकविसावा रकाना

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात हिशेब, हजेरी आणि ईमेलसाठी आता तीन सर्व्हर घ्यावे लागत नाहीत. एकच दणकट यंत्र घ्यायचं, त्यावर हायपरवायझर बसवायचा आणि त्याच्या पोटात हवे तेवढे आभासी सर्व्हर, म्हणजे व्हीएम, चालवायचे. वीज वाचते, जागा वाचते. एक व्हीएम नीट जमला की त्याच्या प्रती काढून पुढचे दहा उभे राहतात. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी हा एकसारखेपणाच नडला. खालच्या वेळा भारतीय आहेत.

२८ फेब्रुवारी : क्राउडस्ट्राइक ही अमेरिकी कंपनी 'फाल्कन' या सुरक्षा सॉफ्टवेअरची ७.११ आवृत्ती आणते. तिच्यातल्या एका नव्या साच्यात २१ रकाने आहेत, पण कोड २०च भरतो. एकविसाव्यात 'काहीही चालेल' अशी खूण असल्यामुळे चाचणीत काही दिसत नाही.

१९ जुलै, पहाटे ३:२६ : मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा मध्य अमेरिकेतला विभाग कोलमडतो. कारण वेगळंच, पण दिवसभर दोन्ही बातम्यांची सरमिसळ होत राहते.

सकाळी ९:३९ : सिडनीत दुपारचे दोन वाजून गेलेत, आपल्याकडे कचेऱ्या उघडताहेत. क्राउडस्ट्राइक फाल्कनसाठी २९१ क्रमांकाची नवी फाइल जगभर धाडते. या वेळी एकविसावा रकाना खरोखर तपासायचा असतो. तिथे काहीच नाही. प्रोग्रॅम मेमरीत भलतीकडे हात घालतो. फाल्कन विंडोजच्या गाभ्यात चालतो, त्यामुळे त्याच्याबरोबर विंडोजही कोसळते. निळा पडदा. यंत्र पुन्हा सुरू होतं, तीच फाइल वाचतं, पुन्हा पडतं.

पुढचा तास : एका यंत्रावर वीस व्हीएम असले, तर काय होतं? खालचा होस्ट, म्हणजे व्हीएमना पोटात घेणारं मूळ यंत्र, व्हीएमवेअरच्या हायपरवायझरवर असेल तर तो शाबूत राहतो, लिनक्सचे व्हीएमही चालू राहतात. फाल्कन असलेले विंडोजचे मात्र एकामागून एक आडवे. होस्टच विंडोजचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही हायपरवायझरचा असेल आणि त्यावरही फाल्कन असेल, तर निर्दोष लिनक्सही त्याच्याबरोबर बुडतो. ही दुसरी मांडणी करणाऱ्यांनी पैसे वाचवले खरे, पण पायाच कच्चा ठेवला.

१०:५७ : सदोष फाइल मागे घेतली जाते. ७८ मिनिटं झालेली आहेत. पडलेल्या बहुतेक यंत्रांना त्याचा उपयोग नाही. दुरुस्त फाइल उतरवून घेण्याआधीच ती बंद पडताहेत.

दुपार : मुंबई विमानतळावर चेक-इन हाताने. इंडिगोची देशभरात सुमारे दोनशे उड्डाणं रद्द, काही ठिकाणी बोर्डिंग पासही पेनाने लिहिलेले. मुंबईतले दोन्ही शेअर बाजार मात्र सुरळीत. रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्यानुसार फक्त १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. बहुतेक बँकांच्या कळीच्या यंत्रणा क्लाउडवर नाहीत आणि फाल्कन वापरणाऱ्या बँकाही मोजक्याच. आपण वाचलो ते हुशारीपेक्षा या योगायोगाने, असं माझं मत.

रात्र : दुरुस्ती सुरू. टेबलावरच्या संगणकाला सेफ मोडमध्ये नेऊन 'सी-०००००२९१'ने सुरू होणारी फाइल हाताने पुसावी लागते, तीही एकेका यंत्रापाशी जाऊन. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असेल तर आधी ४८ अंकी किल्ली हवी, आणि ती जपून ठेवणारा सर्व्हरच पडलेला असेल तर बोलायलाच नको. व्हीएमचं काम तुलनेने सोपं. त्याची डिस्क सोडवायची, धडधाकट व्हीएमला जोडायची, फाइल पुसायची, डिस्क परत लावायची. हे सगळं एका खुर्चीत बसून. बिघाडाआधीचा स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती, असेल तर तेवढ्यावरही भागतं. अझूरच्या ग्राहकांना तर मायक्रोसॉफ्ट सांगते, पुन्हा पुन्हा सुरू करून पाहा, कदाचित पंधरा वेळा.

२० जुलै : मायक्रोसॉफ्टचा अंदाज येतो, ८५ लाख यंत्रं बाधित. विंडोजच्या एकूण यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी.

२९ जुलै : क्राउडस्ट्राइकच्या हिशेबाने सुमारे ९९ टक्के यंत्रं परत जागेवर.

तुमच्या कारखान्यात, पतसंस्थेत असा एक होस्ट असेल, तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला आजच दोन गोष्टी विचारा : बिटलॉकरच्या किल्ल्या कागदावर कुठे आहेत, आणि बाकी सगळे पडले तरी उभा राहील असा एक वेगळा व्हीएम ठेवला आहे का?