बंधुत्वाची शपथ आणि सभागृहाचे दार

भुसावळ-दीपनगरच्या परिसरात ‘लॉज’ म्हटले की प्रवाशांनी रात्रीपुरते उतरण्याची जागा, एवढाच अर्थ मनात येतो. परंतु या शब्दास एक जुना इतिहास आहे. इंग्लंडात मोठमोठी देवालये बांधणारे गवंडी कामाच्या ठिकाणी जी खोपी उभारीत, तिला लॉज म्हणत. अवजारे तेथे ठेवावयाची, विसावा तेथे घ्यावयाचा आणि कसबातील खुबी तेथेच शिष्यास सांगावयाच्या. पुढे गवंडीकामाशी संबंध नसलेले गृहस्थही या मंडळ्यांत शिरले व ‘फ्रीमेसन’ म्हणजे स्वतंत्र गवंडी या नावाचा बंधुसंघ उदयास आला. सन 1717 मध्ये लंडनच्या चार लॉजांनी एकत्र येऊन आपली मध्यवर्ती संस्था स्थापिली. त्यांच्या सभा त्या काळी पानगृहांत भरत. स्वतःचे सभागृह लंडनमध्ये उभे राहण्यास 1776 साल उजाडले.

कंपनी सरकारच्या नोकरांबरोबर हा संघ हिंदुस्थानात आला. कलकत्त्यास 1730 च्या सुमारास व मुंबईस अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लॉज निघाली. सर्व मानव एका परमेश्वराची लेकरे होत, सबब सभासदांनी परस्परांस भाऊ मानावे, ही तेथील शपथ. तथापि शपथ घेणारे गोरे साहेब होते आणि दाराशी एतद्देशीय मनुष्य आला की बंधुत्वाचा अर्थ बदलत असे. माणेकजी करसेटजी या विद्वान पारशी गृहस्थांस मुंबईच्या लॉजने प्रवेश नाकारला. त्यांनी माघार घेतली नाही. युरोपच्या प्रवासात पॅरिस येथील लॉजमध्ये त्यांनी दीक्षा घेतली. ते परत आल्यावर डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश अधिकाऱ्याने त्यांची बाजू उचलून धरली आणि 1843 साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत स्थापन झाले. एतद्देशीयांसाठी काढलेले हे लॉज होय.

एवढ्याने प्रश्न मिटला नाही. हिंदू अनेक देव मानतात, तेव्हा एकेश्वराची शपथ ते कशी घेणार, असा आक्षेप घेण्यात येई. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांनी 1863 मध्ये अर्ज केला. त्यांस प्रवेश मिळाला तो 1872 साली. नऊ वर्षे हा एक मनुष्य उंबरठ्याबाहेर उभा होता! पुढे हिंदी लॉजांत बायबलाच्या शेजारी गीता, कुराण, अवेस्ता व ग्रंथसाहेब ठेवण्याचा प्रघात पडला. मुंबईच्या लॉजांच्या सभा पूर्वी भाड्याच्या वा तात्पुरत्या जागांत भरत. कोटात त्यांचे सभागृह 1897 साली झाले. अशा सभागृहात काळ्या-पांढऱ्या फरश्यांचा पट असतो, पूर्वेस प्रमुखाचे आसन असते आणि बाहेर खड्गधारी द्वाररक्षक उभा असतो. आतील विधी गुप्त असल्यामुळे उत्तरेकडील सामान्य लोक या इमारतींस ‘जादूघर’ म्हणत. दिनांक 24 नोव्हेंबर 1961 रोजी भारताची स्वतंत्र मध्यवर्ती संस्था स्थापन होऊन रामपूरचे नबाब रझा अली खान तिचे पहिले प्रमुख झाले. स्त्रियांस मात्र त्या संस्थेत आजही प्रवेश नाही.

याच मुंबईत ‘रायझिंग स्टार’नंतर सहाच वर्षांनी, 1849 मध्ये, मराठी मंडळींनी आपली एक गुप्त सभा काढली. तिचे नाव परमहंस सभा. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे मार्गदर्शक व राम बाळकृष्ण जयकर हे अध्यक्ष होते. जातिभेद मानणार नाही, अशी प्रतिज्ञा करून नव्या सभासदास ख्रिस्ती मनुष्याने भाजलेला पाव खावा लागे. फ्रीमेसनांनी परक्यास दाराबाहेर ठेवले होते. परमहंसांनी मनातील दार सर्वांस मोकळे केले, परंतु घराचे दार मात्र लावून घेतले. त्यांस स्वतःचे सभागृह नव्हते व उघडपणे जमण्याचे धैर्यही नव्हते. 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांचे कागद चोरीस गेले. नावे चव्हाट्यावर येणार या धास्तीने सभा मोडली.

ही धास्ती कोणाची होती, याचा विचार आपण ज्ञातिबांधवांनी अवश्य करावा. सरकारची नव्हती, पाद्र्यांचीही नव्हती. ती ज्ञातीच्या पंचांची होती. पंगत बंद होईल, मुलीचे लग्न जमणार नाही, मयतास खांदा मिळणार नाही, ही ती भीती. म्हणजे आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या पूर्वजांनीच त्या सुशिक्षित तरुणांस अंधारात बसावयास लावले होते. पुढे 31 मार्च 1867 रोजी दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी प्रार्थना समाज स्थापन झाला. त्या संस्थेने पूर्वीच्या अनुभवाचा धडा घेतला. तिने यादी लपविली नाही, उलट गिरगावात 1874 साली मंदिर बांधून त्याचे दार रस्त्याकडे उघडे ठेवले. ती संस्था टिकली.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा 2016 साली संमत झाला व 2017 पासून अमलात आहे. कायद्याने पंचांचा हात धरता येतो. मनातील दार त्याने उघडत नाही. आपल्या समाजाचे सभागृह लग्नकार्यास, विद्यार्थ्यांच्या सत्कारास व वृद्धांच्या बैठकीस उपयोगी पडते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्या मुलीने ज्ञातीबाहेर विवाह केला ती माहेरच्या कार्याला आली, तर तिच्या पतीस पहिल्या पंगतीत पाट मिळतो काय? शेजारच्या वस्तीतील मुलांस आपल्या वाचनालयात बसता येते काय? बांधकामासाठी वर्गणी गोळा करताना आपण जेवढी दक्षता घेतो, तेवढीच या दोन प्रश्नांची उत्तरे देताना घ्यावी आणि ती संस्थेच्या नियमावलीत स्पष्ट लिहून ठेवावीत, एवढीच कार्यकारी मंडळास व सभासद कुटुंबांस नम्र विनंती आहे.