एकोणचाळीस अंकांची एक संख्या

एखादी संख्या अविभाज्य आहे असे म्हणणे म्हणजे एक नकार सिद्ध करणे होय. एक आणि ती संख्या यांखेरीज तिला निःशेष भागणारे कोणीही नाही, असे ते विधान असते. लहान संख्येबाबत हे भागून पाहता येते. मोठ्या संख्येबाबत ते कशाच्या बळावर मानायचे?

पॅरिसमधील मिनिम पंथाचा संन्यासी मारँ मेर्सेन याने १६४४ साली दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या संख्यांविषयी एक यादी प्रसिद्ध केली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनीच अविभाज्य संख्या मिळते, असे त्याचे म्हणणे होते. सिद्धता त्याने दिली नाही. तरीही त्या यादीचा दबदबा दोन शतके टिकला. ऑयलरने १७७२ मध्ये ३१ या घातांकाची खात्री पटवली. पुढची वाट मात्र भागाकारांच्या डोंगराने अडवली होती.

ती वाट फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८७६ साली मोकळी केली. १२७ या घातांकाची संख्या अशी आहे :

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

हिचे विभाजक शोधायचे तर वीस अंकी संख्यांपर्यंत जावे लागेल. ल्युकाने विभाजक शोधलेच नाहीत. त्याच्या पद्धतीचे लेमरने १९३० मध्ये सुधारलेले रूप असे : चारापासून आरंभ करावा, वर्ग करून दोन वजा करावेत आणि हीच क्रिया पुन्हा पुन्हा करावी. घातांक ५ असेल तर संख्या ३१. आपली माला होते ४, १४, १९४, ३७६३४. आणि ३७६३४ ला ३१ ने निःशेष भाग जातो, म्हणून ३१ अविभाज्य. घातांक १२७ असेल तर अशा १२५ पायऱ्या चढाव्या लागतात, आणि प्रत्येक पायरीवर केवळ बाकी जवळ ठेवली तरी पुरते.

याच विचारसरणीतून ल्युकाने ६७ या घातांकाची संख्या विभाज्य असल्याचेही दाखवले, परंतु तिचा एकही विभाजक त्याच्या हाती नव्हता. ते विभाजक अमेरिकन गणिती कोल याने १९०३ साली मांडले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. सत्तावीस वर्षे ती संख्या विभाज्य आहे हे ज्ञात होते, पण कशाने, हे अज्ञात होते. पुढे २५७ हा घातांकही चुकीचा ठरला, आणि ६१, ८९ व १०७ हे यादीतून सुटल्याचे उघड झाले.

१९५१ साली ल्युकाच्या संख्येचा उच्चांक मोडला. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मेर्सेन संख्येत चार कोटी दहा लाखांहून अधिक अंक आहेत, आणि तिच्याही पडताळणीमागे ल्युकाचीच कल्पना आहे. मेर्सेनचे नाव या संख्यांना कायमचे चिकटले. पण त्याच्या अधिकारवाणीची जागा ज्याने सिद्धतेला दिली, त्या ल्युकाचे ऋण अधिक मोठे आहे.