थंडीतलं अंड्याचं पेय : ऊब दारूची का दुधाची?



बालाघाटावर थंडी पडली, ज्वारी-हरभऱ्याला रातच्या लाईटीवर पाणी द्यायचं सुरू झालं, की येरमाळ्याकडं काही जण ऊब म्हणून घोट घेऊनच बांधावर जातात. म्हणून आज या घोटाचा थोडा इतिहास.

सतराव्या शतकात इथले इंग्रज अरक म्हणजे दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला एकत्र करून पीत. नाव 'पंच'. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ ला जुन्नरला येऊन गेला होता. हे नाव इथल्या 'पाच' शब्दावरून पडलं, कारण जिनसा पाच, असं त्यानं लिहून ठेवलंय. गोव्याच्या नेरूळची अरक त्यासाठी वापरत. विशेष म्हणजे, हे पेय अंगातली ताकद काढून घेतं, असंही तो डॉक्टर लिहितो.

पुढं थंड मुलखात असल्या पेयात अंडं आलं. अमेरिकेत जेरी थॉमस यानं १८६२ च्या पुस्तकात 'टॉम अँड जेरी' दिलंय : फेटलेली अंडी, साखर, दालचिनी, लवंग, दारू आणि वरून उकळतं पाणी.

आपल्याकडं अंडं दुधात गेलं. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी देणार, आणि ती विकून घरातल्या बाईच्या हातात चार पैसे येणार. त्यामुळं अंडं राखून ठेवायचं ते तालमीतल्या पोरासाठी, नाहीतर आजाऱ्यासाठी. काही घरांत मात्र बाळंतिणीला ब्रँडीही देतात. ती देऊ नका, दारू अंगावरच्या दुधात उतरते.

दारूनं गरम का वाटतं? कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, आतली उष्णता बाहेर येते. वाटतं गरम, पण शरीर आतून गार पडत जातं. वर तोल जातो, आणि अंधारात विहीर, मोटार, साप सगळंच जवळ असतं.

त्यापेक्षा हे करा. एक अंडं दोन चमचे साखर घालून चांगलं फेटा. पेलाभर दुधात चिमूटभर सुंठ, दोन मिरे कुटून आणि थोडं जायफळ घालून उकळी आणा. ते दूध बारीक धारेनं अंड्यात ओता, हात हलता ठेवा. एकदम ओतलं तर गाठी होतात. परत मंद आचेवर ठेवून हलवत रहा. चमच्यावर दाट थर धरला की उतरवा, उकळू देऊ नका. कच्चं अंडं पिऊ नये, त्यातून जंतू पोटात जाऊ शकतात. शिवाय शिजलेल्या अंड्यातलं प्रथिन जास्त अंगी लागतं.

थर्मासमध्ये भरून रानात न्या, पण तास-दोन तासात संपवा. तुमच्या भागात यात आणखी काय घालतात, खाली लिहा.