कम्पाऊंड धनुष्याचा आवाज का होतो आणि तो कमी कसा करतात?

अमेरिकेत शरद ऋतू आला की अनेक राज्यांत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो. परवानाधारक शिकारी झाडावरच्या मचाणावर तासन् तास न हलता बसून राहतो. हरीण टप्प्यात येते, नेम बरोबर लागतो, बाण सुटतो आणि तरीही चुकतो. बऱ्याचदा यात दोष नेमाचा नसतो, तर धनुष्याच्या ‘टण्ण’ अशा आवाजाचा असतो.

आवाज बाणाच्या आधी पोहोचतो

ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. शिकारीच्या कम्पाऊंड धनुष्यातून सुटलेला बाण मात्र सेकंदाला साधारण ८५ मीटर वेगाने जातो. हरीण १८ मीटरवर असेल, तर आवाज त्याच्या कानापर्यंत ०.०५ सेकंदात पोहोचतो आणि बाणाला ०.२१ सेकंद लागतात. मधले ०.१६ सेकंद हरणाचे. अंतर दुप्पट केले की हा वेळही दुप्पट होतो.

अमेरिकेतले पांढऱ्या शेपटीचे हरीण दचकले की उडी मारण्यासाठी आधी पाय दुमडते. त्यामुळे त्याचे अंग एकदम खाली जाते. बाण वरून निघून गेला तर निदान प्राणी वाचतो. पण तो भलत्याच जागी लागला, तर जखमी हरीण पळून जाते आणि तडफडत राहते. म्हणूनच आवाज कमी करणे हा तिथे केवळ सोयीचा प्रश्न मानला जात नाही.

हा आवाज येतो कुठून?

अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६०च्या दशकात कम्पाऊंड धनुष्य तयार केले आणि १९६९ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात. आज वापरात असलेल्या लंबगोल किंवा वेड्यावाकड्या आकाराच्या चाकांना ‘कॅम’ म्हणतात. पूर्ण खेचल्यावर हातावरचा भार एकदम कमी होतो, तो या कॅममुळे.

दोरी खेचताना धनुष्याच्या लवचीक पात्यांमध्ये ऊर्जा साठते. बाण सुटताना तिचा मोठा भाग बाणाला मिळतो, पण सगळी ऊर्जा मिळत नाही. उरलेली ऊर्जा दोरी, केबल, पाती आणि मधल्या दांड्यात थरथर निर्माण करते. ती हाताला झटका म्हणून जाणवते आणि कानाला आवाज म्हणून ऐकू येते. थोडक्यात, आवाज म्हणजे बाणाला न मिळालेली ऊर्जा.

पहिला उपाय : जड बाण

त्यामुळे सर्वांत परिणामकारक उपाय कुठल्याही रबरी तुकड्यात नसून बाणाच्या वजनात असतो. जड बाण धनुष्यातली ऊर्जा अधिक प्रमाणात स्वतःकडे घेतो आणि थरथरीसाठी कमी शिल्लक ठेवतो.

बाणाचे वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात. १ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. दर पौंड भारामागे ५ ग्रेन ही सर्वसाधारणपणे पाळली जाणारी किमान मर्यादा आहे. म्हणजे ६० पौंडांच्या धनुष्याला किमान ३०० ग्रेनचा बाण. त्याऐवजी ४२० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २७ ग्रॅमचा बाण लावला, तर धनुष्य लगेच शांत वाटते. बाणाचा वेग थोडा कमी होतो, पण १८ मीटरवर हा तोटा सेकंदाच्या जेमतेम काही शतांश भागांचा असतो.

दुसरा उपाय : सैल भाग शोधणे

नेमयंत्र, बाण टेकवण्याचा आधार, बाणांचा भाता या सगळ्या गोष्टी स्क्रूने बसवलेल्या असतात. वारंवार बसणाऱ्या झटक्यांनी ते स्क्रू सैल होतात आणि खुळखुळाट सुरू होतो. पात्यावर हलकेच टिचकी मारून कान दिला, तर नेमके काय वाजते ते बरेचदा कळते.

बाण खेचताना धातूच्या आधारावर घासला, तरी तो आवाज हरणाला ऐकू जाऊ शकतो. तिथे मऊ फेल्टचा तुकडा चिकटवला की काम भागते. दोन्ही कॅम एकाच वेळी फिरत नसतील, तर झटका वाढतो. ही जुळवणी मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावी लागते.

तिसरा उपाय : थरथर शोषणारी साधने

• दोरी थांबवणारा दांडा : मधल्या दांड्यातून मागे आलेल्या या दांड्याच्या टोकाला रबर असते. बाण सुटल्यावर पुढे जाणारी दोरी त्यावर आदळून थांबते. खेचण्यापूर्वी हे रबर दोरीच्या अगदी जवळ असावे, पण त्याने दोरी ढकलली जाऊ नये.

• दोरीवरचे रबरी झुपके : हे दोरीचे कंप लवकर शमवतात. त्यांच्या वजनाने बाणाचा वेग किंचित घटतो.

• पात्यांवरचे रबर आणि स्टॅबिलायझर : ही साधने पाती आणि दांड्याची थरथर शोषून घेतात. समोर लावलेल्या स्टॅबिलायझरच्या वजनामुळे नेम धरतानाही हात स्थिर राहतो.

काय करू नये?

बाण न लावता दोरी कधीही सोडू नये. अशा वेळी सगळी ऊर्जा धनुष्यातच परतते. पाती तडकू शकतात, दोरी तुटू शकते आणि इजाही होऊ शकते. ताणलेली दोरी किंवा केबल घरच्या घरी काढणेही धोक्याचे आहे. त्यासाठी ‘बो प्रेस’ हे खास यंत्र लागते.

महाराष्ट्राशी संबंध काय?

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. इथे कम्पाऊंड धनुष्य ओळखले जाते ते खेळामुळे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी याच प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. लॉस एंजेलिसच्या २०२८च्या ऑलिम्पिकमध्येही कम्पाऊंडचा मिश्र सांघिक प्रकार असणार आहे.

कागदी लक्ष्य आवाजाने दचकत नाही. पण दिवसभरात शेकडो बाण मारणाऱ्या खेळाडूच्या हाताला आणि खांद्याला प्रत्येक झटका सोसावा लागतो. त्यामुळे जुळवणी आणि थरथर कमी करण्याचे महत्त्व इथेही तितकेच आहे.

आवाज कितीही कमी केला, तरी तो शून्य होत नाही. म्हणून जाणते शिकारी सगळे उपाय केल्यावरही एक नियम पाळतात : हरीण जवळ आणि निर्धास्त असेल तरच बाण सोडायचा, नाहीतर दोरी हळूच परत आणायची.