उंबरखिंडीच्या वाटेवर

साजगावहून निघून एका दिवसात परतता येईल अशी रानवाटेची सहल म्हणजे उंबरखिंड. खोपोलीवरून पालीचा रस्ता धरायचा आणि शेमडीजवळ वळून चावणी गाठायचे. पुढे आंबा नदीच्या काठी लढाईचे स्मारक आहे. प्यायचे पाणी बरोबर घ्यावे; याच जंगलात फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल फौज तहानेने व्याकूळ झाली होती.

शायिस्तेखानाने कारतलबखान या उझबेक सरदाराला कोकणावर धाडले. बोरघाट टाळून तो लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या अरुंद वाटेने उतरला. झाडीत शिवाजी महाराजांचे मावळे दबा धरून बसले होते. मारा सुरू झाला तेव्हा फौजेला ना पुढे जाता येईना, ना मागे फिरता येईना.

ही लढाई अनेकदा हिंदू-मुसलमानांची म्हणून सांगितली जाते. पण खानाच्याच फौजेत मित्रसेन होता, माहूरची रायबागन होती. शरण जाण्याचा सल्ला तिनेच दिला, असे ‘शिवभारत’ सांगते. महाराजांनी सामानसुमान आणि खंडणी घेतली, पण शरण आलेल्यांना जिवंत जाऊ दिले. अभय खानालाही मिळाले, रायबागनलाही. स्मारकापाशी मुलांना लढाईची गोष्ट सांगताना हेही सांगावे.