जालन्याच्या शेजारवस्त्या : काळी, पांढरी व समाईक पाणी

१

जालना शहराविषयीं आजवर जें लेखन झालें आहे त्यांत किल्ला, लढाई व तह यांस अग्रस्थान मिळालें, व तें साहजिकच आहे. इ. स. १८०३ च्या सप्टेंबरच्या २ तारखेस कर्नल स्टीव्हन्सन यानें जालन्याचा किल्ला शिंद्यांकडून घेतला. त्याच महिन्याच्या २३ तारखेस हल्लींच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर भागांत असई येथें लढाई झाली. आणि ३० डिसेंबर रोजीं झालेल्या सुर्जी-अंजनगांवच्या तहानें अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख त्यांच्या हातून गेला. त्या तहांत जालनापूरचा किल्ला व परगणा यांचा उल्लेख नांवानिशीं आहे.

परंतु एवढ्यानें शहराचा इतिहास संपत नाहीं. एका नदीच्या दोन कांठांवर, निरनिराळ्या धन्यांच्या अंमलाखालीं वसलेल्या वस्त्यांनीं जमीन, पाणी व गरिबाचा निवारा यांचा बंदोबस्त कसा केला, हा प्रश्न शिल्लक राहतो. प्रश्न केवळ दप्तरी आहे असें प्रथमदर्शनीं वाटेल. तथापि शहर हें तहानें एका धन्याकडून दुसऱ्याकडे जातें; तें वसतें किंवा उजाड होतें तें या तीन गोष्टींवरून. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही त्यांचाच विचार करणार आहों.

२

प्रथम जुन्या व्यवस्थेची परिभाषा ध्यानांत घेतली पाहिजे. दख्खनी गांवाचे दोन भाग मानीत : काळी म्हणजे लागवडीची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळीचा हिशेब कुळकर्ण्याच्या दप्तरीं राही. पांढरींत कोणीं कोठें घर बांधावें हें पाटील व समस्त पांढरी यांच्या विचारें ठरे. घरजागेस आजच्यासारखी किंमत नव्हती. जमीन विपुल होती, वाण होती ती माणसांची.

या एका गोष्टीवरून कौलनाम्यांचें मर्म उलगडतें. लढाईनें अगर दुष्काळानें रयत परागंदा झाली म्हणजे अंमलदार तिला कौल देऊन परत आणी. कौलांत पहिलीं कांहीं वर्षें सारा माफ अगर अगदीं थोडा असे, मग तो दरसाल वाढत जाऊन पुऱ्या आकारास पोंचे. यासच इस्तावा म्हणत. पेठ वसवावयाची असल्यास उदमी व कारागीर यांस घरजागा देत, कांहीं मुदत मोहतर्फा व जकात यांत सूट देत आणि वेठबिगार माफ करीत. वाणी-उदमी आणून पेठ भरती करणें हें शेटे-महाजनांचें काम असे, व त्याबद्दल त्यांस वतनाचे हक्क चालत. गरिबास स्वस्त घर मिळावें म्हणून हे कौल दिले जात नसत, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. ते सरकारच्या वसुलासाठीं होते. पण त्यांचा परिणाम मात्र असा होई कीं, ज्याच्यापाशीं दोन हातांखेरीज भांडवल नाहीं त्यालाहि छप्पर घालण्यास जागा व दम धरण्यास चार वर्षें मिळत.

एका गांवीं जुलूम झाला तर रयत शेजारच्या परगण्यांत उठून जाई. त्यामुळें शेजारच्या अंमलदारांत रयतेबद्दल ओढाताण असे, व तीच रयतेची ढाल होती. मराठवाड्यांत या ओढाताणीस आणखी एक कारण घडलें. इ. स. १७१९ च्या सनदांनीं दक्षिणच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांस मिळाली, व त्यायोगें एकाच गांवीं मोंगलाई अंमलदार व मराठ्यांचा कमाविसदार असे दोघे वसुलास येऊं लागले. दोघांचें वैर असलें तरी गांव ओस पडल्यास दोघांचीहि झोळी रिकामी राही. अशा मुलुखांत कौलाचा शब्द पाळणें हें औदार्य नव्हतें, गरज होती.

कौलानें जें भागत नसे तें मात्र शेजाऱ्यांस एकत्र बसूनच करावें लागे. शीव, गायरान, ओढ्याचें पाणी व वाट यांचे तंटे एका गांवाच्या पाटलानें तोडावयाचे नसत. देशमुख-देशपांडे, आसपासच्या गांवांचे पाटील व बलुतेदार गोतसभेंत बसत, साक्षी घेत व निवाड्याचा महजर करीत. आपल्याच परगण्यांत न्याय होईल असा भरंवसा नसल्यास वादी दुसरें थळ मागून घेई. महजराखालीं पाटलाचा नांगर व बलुतेदारांच्या ज्या त्या धंद्याच्या निशाण्या आढळतात, त्या शोभेच्या नव्हेत. शेजाऱ्यानें मान्य केल्यावांचून शीव ठरत नाहीं, हें तत्त्व त्या निशाण्यांत आहे.

या व्यवस्थेंतील एक व्यंग झांकून ठेवणें इतिहासास शोभणार नाहीं. शिवेच्या वादांत महाराची साक्ष मोलाची मानीत, कारण शिवेची राखण त्याच्याकडे असे. पण ज्याच्या शब्दावर गांवाची हद्द ठरे त्याचें स्वतःचें घर गांवकुसाबाहेर होतें. मांगवाड्याची स्थितीहि तीच. म्हणजे जागा विपुल असतांहि सर्वांस ती सारखी मिळत नव्हती. जुन्या पद्धतीचे गुण गातांना हें विसरल्यास आम्ही कागद वाचले पण गांव पाहिला नाहीं असें होईल.

३

आतां जालन्याकडे वळूं. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुनें जालना व दुसऱ्या तीरावर कादराबाद अशी मूळ वस्ती. आजहि लोक जुना जालना व नवा जालना असेंच बोलतात. नदीच्या पाण्यावर दोहोंचा हक्क असला तरी उन्हाळ्यांत ती पुरी पडत नसे, म्हणून तलावाचें पाणी वस्तींत आणावें लागलें. जमशेदखान या अधिकाऱ्याच्या नांवावर मोती तलाव सांगतात, व तेथून जमिनीखालच्या नळांनीं शहरांतील हौदांत पाणी खेळविलें होतें असें गॅझेटियरकार लिहितात. पुढें निजामुल्मुल्क आसफजहा याच्या हुकुमानें काबिलखानानें इ. स. १७२५ त किल्ला बांधला. त्यांतील गढी मस्तगड या नांवानें प्रसिद्ध आहे.

शेजारच्या औरंगाबादेचा दाखला येथें उपयोगी पडतो. मलिक अंबरानें इ. स. १६१० च्या सुमारास खडकी वसविली व डोंगरांतून नहर आणून तिला पाणी दिलें. पुढें मोंगल अमदानींत त्या शहराभोंवतीं सरदारांचे पुरे उभे राहिले. बेगमपुरा, जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा हीं नांवें अजून चालू आहेत, व अशा पुऱ्यांची परंपरागत संख्या ५२ सांगतात. पुरा ज्याच्या त्याच्या धन्याचा. पण नहर फोडून प्रत्येकानें आपल्यापुरतें पाणी नेलें असतें तर खालच्या पुऱ्यांत दिवा लावावयास माणूस राहिला नसता. जमीन वांटून घेतां येते, वाहतें पाणी राखूनच वापरावें लागतें. पाण्याची वाण होती म्हणून पाण्याचा बंदोबस्त समाईक झाला. जमिनीची वाण नव्हती म्हणून तिला प्रत्येकाचा वेगळा कौल पुरला. आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा तो हाच.

४

एकोणिसाव्या शतकांत जालन्यास आणखी दोन शेजारी मिळाले. पहिली इंग्रजी छावणी. ती शहराच्या पूर्वेस असून तिची बांधणी इ. स. १८२७ त झाल्याचें नमूद आहे. छावणीच्या हद्दींत लष्करी कायदा व बाजार, बाहेर निजामाचा तहशीलदार, अशी स्थिति विसाव्या शतकाच्या आरंभीं फौज उठेपर्यंत राहिली. सदर बाजार हें नांव त्या काळाची खूण आहे. छावणीच्या आश्रयानें शेंकडो कुटुंबें आलीं. फौज उठतांच त्यांचें पोट कादराबादेच्या व्यापारावर व मनमाड-हैदराबाद लोहमार्गावर आलें. एका अंमलानें जमविलेल्या माणसांचा भार दुसऱ्यावर कसा पडतो याचें हें उत्तम उदाहरण होय.

दुसरा शेजारी बेथेल. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं इ. स. १८४३ त ख्रिस्ती धर्म स्वीकारला, व पुढें स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे जालन्यास येऊन काम केलें. सर सालारजंग यांच्या दिवाणगिरींत निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनीं जालन्यानजीक बेथेल हें नवें गांव वसविलें. वस्तींत मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांचा भरणा मोठा होता. धर्मांतराच्या वादांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. वसाहतीच्या इतिहासाच्या दृष्टीनें एवढेंच सांगावयाचें कीं, गांवकुसाबाहेरच्या माणसास घर, विहीर व शेत हीं एकाच गांवांत लाभावीं म्हणून येथें पांढरीच नवी पाडावी लागली. जुन्या कौलांनीं जें केलें नव्हतें त्याची ही पोंच आहे.

५

सन १९४८ त हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ त मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आला. १ मे १९८१ रोजीं औरंगाबाद जिल्ह्यांतील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके आणि परभणी जिल्ह्यांतील परतूर मिळून जालना जिल्हा झाला. हल्लीं त्यांत आठ तालुके आहेत. सन २०२३ त जालना नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नदीच्या दोन्ही तीरांस एकच धनी मिळाला. परंतु शेजार संपला नाहीं, तो फक्त एक हद्द पलीकडे सरकला. आज शेजारी आहेत त्या ग्रामपंचायती, व त्यांत पोलादाच्या कारखान्यांजवळचीं व समृद्धि महामार्गालगतचीं गांवें येतात.

पाण्यानें हा शेजार पूर्वींच सिद्ध केला आहे. निजामी राजवटींत बांधलेला घाणेवाडीचा तलाव शहराबाहेर आहे, व त्याचा गाळ नागरिकांनीं एकत्र येऊन काढला. तोहि पुरेना तेव्हां पैठणच्या जायकवाडी जलाशयांतून, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यांतून, नळानें पाणी आणावें लागलें. सन २०१२-१३ च्या अवर्षणांत या शहराचे जे हाल झाले ते पाहिलेल्यांस समाईक पाण्याचें महत्त्व शिकवावें लागत नाहीं.

घराच्या बाबतींत मात्र आम्ही अद्याप कौलाच्याच काळांत आहों. प्रधानमंत्री आवास योजनेचे नागरी व ग्रामीण असे दोन वेगळे विभाग आहेत. हद्दीच्या अलीकडचा मजूर एका दप्तरांत, पलीकडचा दुसऱ्या दप्तरांत. दोघे रोज एकाच कारखान्याच्या फाटकांतून आंत जातात. पूर्वीं माणसांची वाण होती व जागा विपुल होती, आतां उलट झालें आहे. शहराजवळची जमीन पाण्याच्या पंक्तीस जाऊन बसली आहे. म्हणून तिचा बंदोबस्तहि पाण्यासारखाच, शेजाऱ्यांनीं एकत्र बसून केला पाहिजे.

याला आधार नाहीं असें नाहीं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनें जिल्हा नियोजन समितीची तरतूद झाली. पंचायती व नगरपालिका यांच्या समाईक हिताच्या बाबी, त्यांत जागेचें नियोजन व पाण्याची वांटणी, विचारांत घेऊनच जिल्ह्याची योजना करावी असें तींत सांगितलें आहे. महाराष्ट्रानें त्याप्रमाणें १९९८ त कायदा केला. वाचणाऱ्यास गोतसभेची आठवण व्हावी असाच हा मजकूर आहे. फरक इतकाच कीं, या बैठकींत गांवकुसाबाहेरच्या माणसासहि हक्कानें बसतां येतें. जुन्या गोतसभेपेक्षां ती या बाबतींत श्रेष्ठ आहे. शीव ठरविण्यापूर्वीं शेजाऱ्याचें ऐकण्याची संवय मात्र तिनें जुन्या सभेपासून घ्यावी.

६

शेवटीं आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंती. दप्तरें चाळतांना आपला हात साहजिकच मोर्तबाच्या पत्रांकडे व प्रसिद्ध नांवांकडे जातो. पेठेचा कौल, पाण्याच्या पाळ्यांचा यादी-कागद, गायरानाचा महजर, घरजागेची चकबंदी हे कागद क्षुल्लक समजून रुमालाच्या तळाशीं राहतात व वाळवीच्या मुखीं जातात. जालना, अंबड, परतूर, भोकरदन या बाजूच्या देशमुख, देशपांडे, कुळकर्णी व शेटे-महाजन घराण्यांत असे कागद निघाल्यास ते सुटे करूं नयेत. ज्या रुमालांत निघाले त्याची नोंद ठेवावी व शेवटच्या निशाण्यांसह नक्कल करावी. गायरानावर घरें बांधावीं कीं नाहीं, तलावाची जुनी हद्द कोणती, हे वाद आज गांवोगांव चालू आहेत, व त्यांत गरिबाचें घर पणास लागलेलें असतें. अशा वेळीं महजराचा एक जीर्ण बंद हा केवळ इतिहासाचें साधन राहत नाहीं. तो साक्षीदार होतो. साक्षीदारास जिवंत ठेवणें हें आपलें काम आहे, व तें वेळींच झालें पाहिजे.