४ ऑगस्ट १९२३ : नागपूर विद्यापीठाचा जन्म

मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या मुलांची पदवी १९२३ पर्यंत परप्रांतातून यायची. नागपूरची हिस्लॉप आणि मॉरिस ही कॉलेजे आधी कलकत्त्याला, मग अलाहाबादला जोडलेली. शिकायचे सीताबर्डीच्या आसपास आणि निकालाची वाट बघायची गंगेकाठची!

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचा पसारा ६ संलग्न महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी एवढाच होता. आज एखाद्या मोठ्या कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत याहून जास्त गर्दी भरेल. पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस हे मूळचे बंगाली, पण वकिली नागपुरात गाजवलेली.

सरकारी अनुदानाइतकाच या विद्यापीठाला आधार मिळाला तो कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांचा. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी त्यांनी मृत्युपत्राने सुमारे ३५ लाख रुपये ठेवले. त्या काळातले ३५ लाख, हे विसरू नये. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. 'एलआयटी' म्हणताना मूळ दाता मात्र अनेकांच्या लक्षातून सुटतो.

पुढे वाटण्या झाल्या. १९४६ मध्ये सागरला वेगळे विद्यापीठ निघाले. ते काढणारे डॉ. हरिसिंग गौर स्वतः नागपूरचे माजी कुलगुरू. १९८३ मध्ये अमरावती, २०११ मध्ये गडचिरोलीचे गोंडवाना वेगळे झाले. २००५ पासून नागपूर विद्यापीठापुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे.